२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत शाळेचा विषय घ्या

डहाणू आणि तलासरी तालुक्यांतल्या आईबापांनो, आजी-आजोबांनो, शिक्षक मित्रांनो आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांनो,

२ ऑक्टोबरची ग्रामसभा तोंडावर आली आहे. त्या सभेला तुम्ही सगळ्यांनी यावं आणि आपल्या पाड्यावरच्या शाळेबद्दल सवडीने बोलावं, एवढ्यासाठी हे आवाहन. घाई का, ते तुम्हाला ठाऊकच आहे. भात कापून-झोडून झालं, दिवाळी सरली की पाडे रिकामे व्हायला लागतात. कोणी भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातं, कोणी रेतीवर, कोणी गुजरातच्या बंदरांत बोटीवर खलाशी म्हणून. भट्टीवर नवरा-बायको जोडीने जातात, पोरंही त्यांच्याबरोबर जातात. त्यानंतरची ठरलेली ग्रामसभा थेट २६ जानेवारीला. ज्या मुलांबद्दल बोलायचं, त्यांचे आईबाप तेव्हा गावात नसतात. म्हणून जे ठरवायचं ते याच सभेत ठरवलं पाहिजे.

ग्रामसभेत शाळेचा विषय निघतच नाही असं नाही. छप्पर गळतं, शौचालयाला पाणी नाही, दोन शिक्षक हवेत तिथे एकच आहे, अशा तक्रारी येतात. त्या खऱ्या आहेत आणि मांडल्याच पाहिजेत. कोणी त्यापुढे गेलंच, तर किती मुलांना वाचता येतं आणि चाचणीत आपली शाळा केंद्रात कितवी आली, इथवर येऊन थांबतं. मी तुम्हाला याच्याही पुढचं विचारायला सांगतो आहे. आपलं मूल आठ-दहा वर्षं शाळेत जाऊन कसं माणूस व्हावं, असं आपल्याला वाटतं? हे आपण शाळेला कधी सांगितलेलं नाही, आणि शाळेनेही आपल्याला कधी विचारलेलं नाही. आपण गप्प राहिलो म्हणून ते दुसऱ्यांनी ठरवलं आणि आकड्यांत लिहून खाली पाठवलं.

आकड्यांशी माझं वैर नाही, हे आधीच सांगतो. २०२१ साली केंद्र सरकारने निपुण भारत अभियान सुरू केलं. दुसरीतल्या मुलाने मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीतल्याने किमान ६० शब्द समजून वाचावेत, असं त्यात म्हटलं आहे. यात वाईट काही नाही. पाचवीत गेलेल्या मुलाला दुसरीचा धडा वाचता येऊ नये, ही त्या मुलाची फसवणूक आहे. आपल्या भागात ही फसवणूक वर्षानुवर्षं चालली, कारण कोणी तपासलंच नाही. हजेरीपटावर नाव आहे, खिचडी शिजते, वर्षाअखेर मूल वरच्या वर्गात जातं, एवढ्यावर सगळ्यांचं समाधान होत होतं. मोजायला लागल्यामुळे निदान खोटं उघडं पडलं. तेव्हा वाचन तपासा, गणित तपासा, वर्षातून दोनदा तपासा. माझं म्हणणं पुढे सुरू होतं.

आषाढात एका पाड्यावरच्या शाळेत तिसरीतल्या एका मुलीचं वाचन चाललं होतं. गुरुजींच्या हातात मोबाइल, त्यावर सेकंद पळताहेत, समोर शहरातल्या बाजारावरचा उतारा. मुलगी बोट न ठेवता भराभरा वाचत गेली आणि साठाच्या पुढे गेली. गुरुजींचा चेहरा खुलला, आणि तो खुलायलाच हवा होता. त्या एका मुलीला तिथवर आणायला त्या माणसाने दोन वर्षं खर्ची घातली होती. मग मी तिला विचारलं, बाजारात काय काय होतं गं? ती गुरुजींकडे पाहायला लागली. दोन-तीनदा विचारलं तरी बोलेना. मधल्या सुट्टीत तीच मुलगी शाळेमागच्या बांधावर भेटली. हातात शेवळाचे कोंब. आता ती थांबेचना. शेवळ कोणत्या झाडांच्या सावलीत उगवतं, पहिल्या पावसानंतर किती दिवस मिळतं, नुसतं शिजवलं तर घसा कसा खाजतो आणि म्हणून त्यात काकडाची फळं कशी घालतात, कुठलं शेवळ काढायचं आणि कुठलं पुढल्या वर्षासाठी ठेवायचं. बोलत होती वारलीत. मला एखादा शब्द कळला नाही की थांबून, विचार करून मराठीत सांगत होती. कारण, परिणाम, क्रम, अपवाद, दुसऱ्याला समजेल अशी मांडणी, सगळं तिच्या बोलण्यात होतं. त्या दिवशीच्या नोंदीत मात्र तिच्या नावापुढे फक्त शब्दांचा आकडा गेला.

यात गुरुजींचा दोष नाही. त्यांच्याकडून जे मागितलं जातं ते ते देतात. प्रश्न मागणाऱ्यांचा आहे, आणि मागणाऱ्यांत आपणही येतो.

शिक्षण कशासाठी, याचं उत्तर शोधायला आपल्या दोन तालुक्यांना लांब जावं लागत नाही. २३ मे १९४५ रोजी झरी गावात, जे आज तलासरी तालुक्यात आहे, हजारो वारली जमले होते. किसान सभेचे कार्यकर्ते गोदावरी आणि शामराव परुळेकर त्यांच्याबरोबर होते. वेठबिगार करायची नाही, जमीनदाराच्या शेतावर रोख मजुरीशिवाय राबायचं नाही, मारायला आले तर सगळ्यांनी मिळून तोंड द्यायचं, असं त्या सभेत ठरलं. लग्नासाठी घेतलेल्या चार पैशांपायी जन्मभर मालकाकडे राबणारे लग्नगडी त्या काळी गावोगाव होते. नवऱ्याबरोबर बायकोही बांधली जायची. ते लग्नगडी सुटले ते या लढ्यामुळे. गोदावरीबाईंनी ही हकिकत ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिली, त्याला १९७२ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. झरीला जमलेल्या बहुतेकांना अक्षर येत नव्हतं, आणि तरी ते ‘नाही’ म्हणाले. आपल्या भागातल्या शिक्षणाची सुरुवात मी त्या दिवसापासून धरतो.

पण ‘नाही’ म्हटल्यावर पुढे कागद येतो. सावकाराची वही येते, तलाठ्याचा दाखला येतो, कोर्टाची तारीख येते. तिथे अक्षर लागतं. ‘नाही’ म्हणायची हिंमत आणि कागद वाचायची अक्कल, या दोन्हींची गरज आपल्याला तेव्हाही होती आणि आजही आहे. शाळेने दोन्ही द्यायच्या असतात. यातली एकच गोष्ट चाचणीत मोजता येते, म्हणून शाळा तेवढीच द्यायला लागली, तर मूल कागद घडाघडा वाचेल आणि खाली निमूट सही करून मोकळं होईल.

१९४५ सालीच या परिसरात दुसरं एक काम सुरू झालं. ताराबाई मोडक बोर्डीला आल्या आणि त्यांनी ग्राम बाल शिक्षण केंद्र उघडलं. अनुताई वाघ त्याच वर्षी त्यांच्याबरोबर आल्या आणि पुढे जन्मभर इथेच राहिल्या. ताराबाईंनी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम केलेलं होतं, त्या दोघांनी १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला होता. बालशिक्षणाचं नवं शास्त्र त्यांना पाठ होतं. पण ते शास्त्र शहरातल्या खात्यापित्या घरांचं होतं. त्यातली साधनं महाग, आणि इथे मूल शाळेच्या दारात उभं राहायलाच तयार नाही. तेव्हा बाईंनी शाळाच वस्तीत नेली. घरापुढच्या अंगणात बसून, अंगणात जे सापडेल ते हाताशी धरून शिकवायला सुरुवात केली. शंख-शिंपले, बिया, खडे, पानं, काड्या, माती. मुलांची नखं काढायची, अंघोळ घालायची, खरजेला औषध लावायचं, मग गाणं-गोष्ट. त्या कामातून अंगणवाडी उभी राहिली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव खेड्याखेड्यांत पोचलं. ज्या तारखेला आपली ग्रामसभा भरते, तीच ही तारीख.

पुढे दशकभराने काम कोसबाडच्या टेकडीवर हललं. तिथे अडचण वेगळी होती. मुलगी शाळेत यायची ती कडेवर धाकटं भावंड घेऊन, कारण आई मजुरीला गेलेली. भावंडाला बाहेर ठेवून ये म्हणावं तर मुलगीच येईना. मग शाळेला लागून पाळणाघर आलं, बालवाडी आली, आणि तान्ह्यापासून चौथीपर्यंतची सगळी भावंडं एका आवारात शिकायला लागली. या प्रयोगाला विकासवाडी म्हणत. मुलगे तर गुरांमागे जायचे. गुरं सोडून शाळेत बसा म्हणणं म्हणजे घरातल्या एका माणसाची कमाई सोडा म्हणणं. तेव्हा शाळा गुरांमागे गेली. कुरणावर गुरं चरताहेत, झाडाखाली मुलं शिकताहेत, शिक्षक त्यांच्यात बसला आहे. ही कुरणशाळा. दिवसभर ज्यांना सवडच नाही त्यांच्यासाठी रात्रीची शाळा.

या सगळ्यांत एक रीत दिसते. मूल कसं जगतं ते आधी पाहायचं आणि शाळा तशी करायची. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळालं, अनुताईंना १९८४ साली पद्मश्री. देशाने त्यांचा मान केला. आज आपण कोसबाडला अभ्यासदौरे नेतो, फोटो काढतो, ३१ ऑगस्टला ताराबाईंची आणि २७ सप्टेंबरला अनुताईंची पुण्यतिथी करतो. आणि त्याच तालुक्यात, डिसेंबरमध्ये निम्मा वर्ग रिकामा झाला की मुलांच्या नावापुढे सतत गैरहजर असा शेरा मारून मोकळे होतो. हे आपल्याला शोभत नाही.

त्या रीतीने चालणारे नंतरही झाले, हे सांगायला हवं. १९९० च्या दशकात विधायक संसद या संस्थेने वीटभट्ट्यांवर भोंगा शाळा चालवल्या. भट्टीवर मजुराने पेंढा-बांबूचं जे तात्पुरतं खोपट उभं केलेलं असतं तो भोंगा, आणि तशाच भोंग्यात भरलेली ती शाळा. विद्युल्लता पंडित आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात केलं. कुरणशाळेनंतर चाळीसेक वर्षांनी, त्याच जिल्ह्यातल्या मुलांसाठी, शाळा पुन्हा एकदा मुलांच्या मागे गेली. आजही हे करता येतं. स्थलांतरित मुलांसाठी शासनाचं शिक्षण हमी पत्रक आहे. ते घेऊन मूल ज्या गावी जाईल तिथल्या शाळेने त्याला बसवून घ्यायचं असतं. आजी-आजोबांजवळ मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय करता येते. शाळेने आणि समितीने वेळेत मागणी केली तरच हे मिळतं, आणि वेळेत म्हणजे कुटुंबं निघायच्या आधी.

भट्टीवर मूल काय करतं, ते ज्यांनी पाहिलं आहे त्यांना सांगायला नको. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं लिहितो. पहाटे अंधारात चिखल मळलेला असतो. बाप साच्यात विटा पाडतो, आई चिखलाचे गोळे देते, आणि आठ-नऊ वर्षांचं मूल अर्धवट सुकलेल्या विटा एकेक करून उलटून ठेवतं, दुसरी बाजू उन्हाला लागावी म्हणून. मजुरी हजारावर ठरलेली. त्या मुलाला हजार म्हणजे किती हे हातांनी, पाठीने माहीत असतं. पावसाळ्याच्या तोंडावर हिशोब होतो. पाडलेल्या विटा किती, दिवाळीआधी घेतलेली उचल किती, दर आठवड्याला घेतलेली खर्ची किती, पावसाने भिजून फुकट गेलेल्या किती. सगळं मुकादमाच्या वहीत. शेवटी हातात येतं ते थोडं, किंवा उलट पुढच्या वर्षावर बाकी निघते.

आता या मुलाने काय शिकायला हवं? गुणाकार आणि वजाबाकी शिकायलाच हवी, ती चाचणीत तपासायलाही हवी. पण वजाबाकी येणाऱ्या मुलाने हिशोबाच्या दिवशी बापाशेजारी उभं राहून ‘दादा, हे परत एकदा वाचून दाखवा’ असं म्हणायला हवं. बाप घाबरेल, मुकादम डोळे वटारेल, तरी म्हणायला हवं. ही हिंमत मुलात कुठून येते? ज्या शाळेत त्याला प्रश्न विचारायची मुभा होती, चुकलं तर मार बसत नव्हता, त्याच्या बोलीला कोणी हसत नव्हतं, तिथून येते. शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्यात कलम २९ आहे. मुलाचा सर्वांगीण विकास व्हावा, ते भीती आणि दडपणातून मोकळं व्हावं, शिक्षण शक्यतो त्याच्या मातृभाषेतून व्हावं, असं त्यात लिहिलेलं आहे. निपुणतेच्या उद्दिष्टांइतकाच हाही सरकारी शब्द आहे, आणि तो संसदेने पारित केलेला कायदा आहे. त्याची तपासणी करायला कोणी साहेब येत नाहीत, एवढाच फरक.

कागद तर आता झरीच्या काळापेक्षा कितीतरी वाढले आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्याखालचे दावे अजून पडून आहेत. कसत असलेल्या जमिनीपेक्षा कमी क्षेत्र पट्ट्यावर आलं, अशी तक्रार पाड्यापाड्यावर ऐकू येते. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा मार्ग आपल्या दोन्ही तालुक्यांतून जातो. ३० ऑगस्ट २०२४ रोजी वाढवण बंदराची पायाभरणी झाली, त्याचा खर्च ७६ हजार कोटींच्या घरात सांगितला जातो. डहाणू तालुका १९९१ सालापासून पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील म्हणून जाहीर झालेला, आणि आता त्याच तालुक्याच्या किनाऱ्यावर एवढं मोठं काम. मच्छीमाराचं काय होणार, चिकूच्या बागेत राबणाऱ्याचं काय, डायमेकिंगवर पोट असलेल्यांचं काय, यावर लोकांची मतं वेगळी आहेत आणि ती वेगळी असायला काही हरकत नाही. पण मत बनवायला जाडजूड अहवाल वाचावा लागतो, सुनावणीत उभं राहून बोलावं लागतं, शेजाऱ्याचं वेगळं मत ऐकून घ्यावं लागतं, मिळणाऱ्या पैशापलीकडचं नुकसान ओळखावं लागतं. आदिवासी भागांसाठीच्या पेसा कायद्याने ग्रामसभेला अधिकार दिले आहेत. त्या सभेत बोलणारी माणसं आज आपल्या चौथी-पाचवीत बसलेली आहेत. त्यांना कुशल मनुष्यबळ म्हणून तयार करा, अशी मागणी येत्या काळात जोरात होईल. नोकरी मिळावी, चांगली मिळावी, हे मलाही हवं आहे. मात्र या जमिनीचं आणि समुद्राचं काय होणार हे ठरवताना त्यांचं मत विचारलं जावं, आणि ते द्यायची त्यांची तयारी असावी, हे त्याहून आधी हवं आहे.

आता थोडं आपल्या भाषेबद्दल आणि कलेबद्दल. गंजाडचे जिव्या सोमा म्हशे लहानपणी आई गेल्यावर बोलायचेच बंद झाले होते, असं सांगतात. धुळीत बोटाने चित्रं काढून ते लोकांना काय हवं-नको ते सांगायचे. लग्नाच्या चौकापुरती, बायकांच्या हातची असलेली वारली चित्रकला त्यांनी जगभर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळालं, २०१८ साली ते गेले. असं मूल आज आपल्या शाळेत आलं, तर मिनिटाला किती शब्द, या रकान्यात त्याच्यापुढे शून्य लागेल. त्या शून्यानंतर आपण काय करणार? त्याला मागे पडलेला म्हणून वेगळं बसवणार, की हातात तांदळाचं पीठ आणि गेरूने सारवलेली भिंत देणार? वारली चित्रांच्या साड्या आणि चहाचे कप मुंबईत विकले जातात. तीच चित्रं आपल्या शाळेच्या भिंतीवर मात्र कंत्राटदाराने आणलेला रंगारी काढून जातो, वर्गातल्या मुलीच्या आजीला कोणी बोलावत नाही. लग्न लावणाऱ्या धवलेरीला लग्नाची किती गाणी तोंडपाठ असतात. तारपा करणारा माणूस दुधी भोपळा, बांबू, ताडाचं पान आणि मेण यांतून सूर कसा काढायचा हे जाणतो. ही माणसं शाळेपासून हाकेच्या अंतरावर राहतात. आठवड्यातून एक दिवस त्यांना वर्गात बोलवायला कुठल्याही परिपत्रकाची मनाई नाही.

यावर कोणी म्हणेल, आमच्या पोरांना आम्ही इंग्रजी शिकवायला पाठवतो, रानभाजी आणि तारपा शिकवायला नाही. ही भावना मला पूर्ण कळते. आदिवासी मुलाला त्याच्या संस्कृतीच्या नावाखाली जंगलातच ठेवायचं, हा डाव पूर्वी खूप खेळून झाला आहे. इंग्रजी हवं, विज्ञान हवं, संगणक हवा, आणि शहरातल्या मुलाला मिळतो तसाच चांगला हवा. पण जे मूल आपल्या घरचं ज्ञान वर्गाच्या दाराबाहेर ठेवून आत जातं, ते आपल्याला काहीच येत नाही असं धरून चालतं. तसं मूल इंग्रजीही धड शिकत नाही. ज्याला शेवळाबद्दल दहा मिनिटं बोलू दिलं, ते बाजारावरच्या उताऱ्याबद्दलही बोलायला लागतं.

शिक्षकांना माझी हात जोडून विनंती आहे. तुमच्यावर किती ओझं आहे हे गावाला दिसत नाही. एकाच शिक्षकाने चार वर्ग सांभाळायचे, ऑनलाइन माहिती भरायची, फोटो पाठवायचे, आणि नेटवर्क मिळावं म्हणून टेकडी चढायची. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ प्रमाणे जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून इतर कामं तुम्हाला देता येत नाहीत, तरी ती येत राहतात. हे सगळं तुम्ही ग्रामसभेत उघड सांगा. गाव तुमच्या पाठीशी उभं राहील, पण गावाला कळलं तर. आणि एक मागणंही आहे. वर्गात वारली बोलणाऱ्या, ढोडी बोलणाऱ्या मुलाला गप्प करू नका. त्याचे शब्द फळ्यावर लिहा, शेजारी मराठी शब्द लिहा. बाहेरच्या जिल्ह्यातून आलेल्या शिक्षकालाही ते मुलांकडूनच शिकता येतात.

लहान शाळांचा मुद्दा याच वेळी बोलायला हवा. वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून समूह शाळा कराव्यात, असा प्रस्ताव २०२३ मध्ये शासनाने पुढे केला होता. पाड्यावरच्या शाळेचा पट कमी दिसतो, यातलं एक कारण तीच मुलं भट्टीवर गेलेली असतात हे आहे. आपल्याकडे पावसाळ्यात ओहोळ भरले की दोन पाड्यांतलं एक किलोमीटर अंतरही सहा वर्षांच्या मुलीला पार करता येत नाही. अशी शाळा पटाच्या आकड्यावर बंद झाली, तर आधी मुलींचं शिक्षण थांबेल. शाळा बंद करायचा विषय कधीही आला, तरी ग्रामसभेचा ठराव आपल्या हाती असला पाहिजे.

तर २ ऑक्टोबरला काय करायचं, ते आता सांगतो.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. अनेक ठिकाणी समिती फक्त सहीपुरती आहे. समितीवर असलेल्या आयांनो, त्या दिवशी पुढे बसा. शाळा विकास आराखडा तयार करणं हे तुमचं कायद्याने ठरलेलं काम आहे. तो आराखडा मागून घ्या आणि सभेत मोठ्याने वाचायला लावा. त्यात बांधकाम आणि रंगरंगोटीखेरीज मुलांबद्दल काय लिहिलं आहे ते पाहा. काही नसेल तर लिहून घ्या: आठवड्यातला एक दिवस गावातल्या जाणत्या माणसाचा. महिन्यातून एकदा मुलांची सभा, तिथे मुलं बोलतील आणि मोठे ऐकतील. वर्गात मार नाही, बोलीवरून टोमणा नाही.

या वर्षी भट्टीवर, रेतीवर, बोटीवर कोण जाणार, त्यांची मुलं किती, कोणती मुलं आजीजवळ राहू शकतील आणि कोणती बरोबर जाणार, याची यादी त्याच सभेत करा. लाज धरू नका. पोटासाठी जाणं हा गुन्हा नाही. यादी झाली की हंगामी वसतिगृहाची मागणी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी पाठवा आणि जाणाऱ्या प्रत्येक मुलाच्या हातात हमी पत्रक पडेल असं पाहा.

भट्टीमालकांनाही सांगतो, कारण तुमच्यातले काही जण हे वाचतील. लहान मुलांकडून विटा उलटून घेणं कायद्याने गुन्हा आहे. जवळच्या शाळेत त्यांना सोडायची-आणायची सोय करा. हिशोबाची वही मजुराच्या मुलासमोर उघडी ठेवा.

आणि या दोन तालुक्यांतून शिकून बाहेर पडलेल्या मुलामुलींनो, तलासरीच्या, डहाणूच्या कॉलेजांतून पदवी घेऊन वापीला, बोईसरला, मुंबईला नोकरी करणाऱ्यांनो, त्या दिवशी सुट्टी आहे. गावी या. सभेचं इतिवृत्त तुम्ही लिहा, म्हणजे जे बोललं गेलं तेच कागदावर येईल.

विषय आयत्या वेळी मांडला की ‘पुढच्या सभेत घेऊ’ असं उत्तर मिळतं. म्हणून या आठवड्यातच ग्रामपंचायतीत जा. ‘शाळेचा विकास आराखडा आणि स्थलांतरित मुलांचं शिक्षण’ हा विषय २ ऑक्टोबरच्या सभेपुढे घ्यावा, असा साधा अर्ज द्या. पाच-दहा पालकांच्या सह्या घ्या, ज्यांना सही येत नाही त्यांचे अंगठे घ्या, आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय तिथून उठू नका.